सरकारी खर्चाचे सौंदर्य

राज्यसत्तेने आपल्या स्तुतीसाठी खजिन्यातून द्रव्य काढून करवून घेतलेली कला निकृष्टच असावयाची, अशी एक समजूत आपल्याकडील सुशिक्षित प्रेक्षकवर्गात दीर्घकाळ रूढ आहे, आणि ती रूढ होण्यास सबळ कारणही आहे. मुख्य चित्रपटापूर्वी कायद्याने दाखविणे भाग असलेली फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रे ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिली, किंवा खरे सांगावयाचे तर ती संपेपर्यंत ज्यांनी बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहून चहाचा पेला रिकामा केला, त्यांना कोनशिला, पुष्पहार, फीत कापणारे मंत्री आणि या सर्वांवर पसरलेला निवेदकाचा तो धीरगंभीर आवाज यांपलीकडे सरकारी प्रचाराचे काही रूप संभवते, अशी शंकादेखील कधी शिवली नाही. या कंटाळ्याने आपले एक नुकसान केले. प्रचार रटाळ असतो, यावरून जे रटाळ नाही ते प्रचार नसावे, असा एक सोयीस्कर निष्कर्ष आपण नकळत मनाशी बांधला. आणि त्यामुळे एखादे प्रचारकार्य खरोखरच सुंदर निघाले, तर त्याच्यापुढे कसे बसावे, दाद द्यावी की फिर्याद करावी, याचा काही रिवाजच आपल्यापाशी उरला नाही.

हा प्रश्न माझ्यापुढे प्रथम उभा केला तो 'सोय क्यूबा' या १९६४ सालच्या कृष्णधवल चित्रपटाने. सोव्हिएत संघाची मोसफिल्म ही सरकारी चित्रसंस्था आणि क्रांतीनंतर अवघ्या काही महिन्यांत स्थापन झालेली क्यूबाची नवी चित्रपटसंस्था या दोघींनी मिळून तो निर्माण केला. 'मी क्यूबा आहे' असे त्या बेटाने स्वतःच्या तोंडाने सांगावे, हुकूमशहा बातिस्ताच्या राजवटीत आपण कसे नागवले गेलो आणि कास्त्रोच्या क्रांतीला आपली लेकरे कशी सिद्ध झाली याची साक्ष जगाच्या दरबारात रुजू करावी, हा त्यामागचा उघड हेतू होता. रशियन कवी येव्गेनी येव्तुशेंको आणि क्यूबाचा एनरिके पिनेदा बार्नेट यांनी लिहिलेल्या पटकथेत चार कथा आहेत: अमेरिकन गिऱ्हाइकांच्या रात्रगृहात नाचणारी मारिया, जमीन फळांच्या अमेरिकन कंपनीला विकली गेल्याचे कळताच आपला उभा ऊस आणि घर स्वहस्ते पेटवून देणारा म्हातारा पेद्रो, हवाना विद्यापीठातील एनरिके हा विद्यार्थी, आणि बंदुकीचा तिरस्कार करणारा, पण विमानांनी घरावर बॉम्ब टाकल्यावर बंडखोरांना जाऊन मिळणारा सिएरा मायेस्त्राच्या डोंगरातला शेतकरी मारियानो. कथा म्हणून पाहता या चारींत गुंतागुंत अशी नाही. अमेरिकन तेवढा लंपट, पोलीस अधिकारी तेवढा क्रूर आणि गरीब तेवढा निष्कलंक, हा हिशेब पहिल्या दहा मिनिटांत ध्यानात येतो आणि अखेरपर्यंत त्यात एका पैचाही फरक पडत नाही. असे असता हा चित्रपट पाहून उठताना मनुष्य काही वेळ बोलत नाही, याचे श्रेय सर्वस्वी एका व्यक्तीकडे जाते, आणि ती व्यक्ती म्हणजे छायालेखक सेर्गेई उरुसेव्हस्की.

उरुसेव्हस्कीचे मूळ शिक्षण चित्रकलेचे आणि रेखनकलेचे. दुसऱ्या महायुद्धात त्याने आघाडीवर कॅमेरा चालविला होता, आणि त्या अनुभवातूनच बहुधा, कॅमेरा हे तिकाटण्यावर ठेवून लांबून निरखण्याचे यंत्र नसून धावणाऱ्याबरोबर धावणारे, पडणाऱ्याबरोबर पडणारे एक इंद्रिय आहे, अशी त्याची निष्ठा बनली असावी. दिग्दर्शक मिखाईल कालातोझोव्ह हा तिबिलिसीचा जॉर्जियन गृहस्थ स्वतःही आरंभी छायालेखकच होता. १९३० साली त्याने काकेशसच्या दुर्गम खोऱ्यातील मिठाच्या दुर्भिक्षावर एक विलक्षण देखणा चित्रपट केला. त्यानंतरच्या चित्रपटावर आकारवादाचा ठपका येऊन बंदी आली. आणि पुढे १९५० मध्ये त्याच गृहस्थाने शीतयुद्धाचा एक असा कडवा प्रचारपट काढला, की त्याला स्टालिन पारितोषिक मिळाले. दरबारचा कोप आणि दरबारची मर्जी या दोहोंची चव घेतलेला हा दिग्दर्शक आणि हा छायालेखक यांची जोडी १९५७ च्या 'क्रेन्स आर फ्लाइंग' या चित्रपटाने जगापुढे आली, आणि १९५८ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्या चित्रपटाने मिळविले. चक्राकार जिन्यावरून धावत वर जाणाऱ्या प्रियकरापाठोपाठ वळणे घेत चढणारा आणि तो गोळी लागून कोसळताना बर्चच्या शेंड्यांसह गरगर फिरणारा त्यातला कॅमेरा पाहून, यंत्रालाही घेरी येऊ शकते, हे प्रेक्षकांना प्रथमच कळले. असे हे दोघे क्यूबात आले तेव्हा त्यांच्यापाशी कीर्ती होती, सरकारी द्रव्य होते आणि वेळेचे बंधन जवळजवळ नव्हते. क्षेपणास्त्रांच्या प्रकरणावरून ऑक्टोबर १९६२ मध्ये जग अणुयुद्धाच्या कडेला जाऊन उभे राहिले त्या काळात या चित्रपटाची जुळवाजुळव चालली होती. मोठाले मुत्सद्दी नकाशांवर बोटे फिरवीत असताना ही मंडळी मनाजोगत्या ढगांची वाट पाहत होती, असे त्यांच्याबरोबर काम केलेले क्यूबन लोक पुढे सांगत.

ढगांची गोष्ट क्षुल्लक नाही. चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात समुद्रावरून उडत येणारा कॅमेरा बेटाच्या किनाऱ्याला लागतो आणि खाली ताडामाडांची राने दिसू लागतात, ती शुभ्र असतात. पाने चांदीच्या पत्र्यासारखी झळकत असतात, आणि त्यांच्या माथ्यावरचे भर दुपारचे आकाश मात्र काळ्याकडे झुकलेले असते. याचे कारण उरुसेव्हस्कीने काही दृश्यांसाठी वापरलेली अवरक्त किरणांना संवेदनशील असणारी फिल्म. सोव्हिएत लष्कराच्या उपयोगासाठी तयार होणारी ही फिल्म त्याने मागवून घेतली, असे सांगतात. हिरवी पाने सूर्यप्रकाशातील अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परत फेकतात, म्हणून या फिल्मवर ती पांढरी उमटतात. निर्मळ आकाशाकडून हे किरण फारसे येतच नाहीत, म्हणून ते काळे उमटते. आणि ढग या काळ्यावर संगमरवरासारखे उठून दिसतात. विज्ञानाची ही एक साधी बाब; पण तिच्या योगाने जे साधले ते पटकथेच्या कोणत्याही पानावर लिहिलेले नसणार. दिवसाढवळ्या चंद्रप्रकाश पडावा, ज्यांच्या डोक्यावर ऊन आहे त्यांच्या पाठीशी रात्र उभी असावी, असा तो देश दिसतो. निवेदिका राकेल रेव्हुएल्ता हिच्या खर्जातल्या स्वरात ते बेट कोलंबसाला उद्देशून आपली व्यथा सांगू लागते तेव्हा शब्द ऐकण्याची गरज पडत नाही. ही भूमी सुंदर आहे आणि तिच्यावर काही अमंगळ पडलेले आहे, हे डोळ्यांना आधीच समजलेले असते.

यानंतर येतो तो प्रसिद्ध चित्रखंड, ज्याचे वर्णन चित्रपटविद्येच्या वर्गांतून आजही केले जाते. हवानातील एका उंच हॉटेलच्या गच्चीवर वाद्यवृंद वाजत आहे, पोहण्याच्या पोशाखातील तरुणींची सौंदर्यस्पर्धा चालली आहे, आणि कॅमेरा त्यांच्यामधून हिंडत गच्चीच्या कठड्याशी येतो. येथे कोणताही शहाणा कॅमेरा थांबला असता. हा कठडा ओलांडून इमारतीच्या बाहेर पडतो, भिंतीच्या कडेकडेने खालच्या सज्ज्यावर उतरतो, तेथील आरामखुर्च्यांवर पहुडलेल्या, मद्याचे पेले हाती घेतलेल्या पाहुण्यांमधून वाट काढीत पोहण्याच्या तलावाशी पोचतो, एका स्त्रीच्या मागोमाग पाण्यात शिरतो आणि बुडी मारतो. आणि सुमारे तीन मिनिटांच्या या सगळ्या प्रवासात एकदाही कात्री लागत नाही. मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो चित्रपट-रसिकांच्या एका मंडळाच्या खेळात. शेजारी माझे एक ज्येष्ठ स्नेही बसले होते, त्यांची हयात छायाचित्रणात गेलेली, कॅमेरा कठड्यापलीकडे गेला तसे ते खुर्चीत पुढे सरकले आणि पाण्याखाली गेला तेव्हा मोठ्याने म्हणाले, "अहो, पण हा माणूस उतरला कुठून?" पुढच्या रांगेतून दोघांनी मागे वळून दटावले, तरी त्यांचे पुटपुटणे थांबेना.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की इमारतीच्या बाहेरून एक ओबडधोबड उद्वाहक लाकूडफाटा जुळवून तयार केला होता, कॅमेरा फ्रेंच बनावटीचा आणि वजनाला हलका होता, अलेक्सांदर काल्झाती हा तरुण सहकारी आणि इतर मंडळी तो हातोहात एकमेकांकडे देत होती, आणि पाण्यात शिरण्यासाठी कॅमेऱ्याला जलाभेद्य आच्छादन घातलेले होते. म्हणजे पडद्यावर जे निर्विघ्न तरंगणे दिसते, ते प्रत्यक्षात काही माणसांच्या घामाने, दोरखंडांनी आणि नेमक्या क्षणी पुढे आलेल्या हातांनी घडविलेले आहे. समाजवादाची स्तुती करणाऱ्या या चित्रपटात सामूहिक श्रमाचे सर्वांत पटणारे दर्शन कोठे असेल तर ते या अदृश्य हातांत आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

परंतु या दृश्यापाशीच पंचाईतही सुरू होते. हे दृश्य घालण्याचा हेतू काय? परकीय धनिकांच्या विलासाने ग्रासलेले हवाना दाखवून प्रेक्षकाच्या मनात घृणा उत्पन्न करणे. आणि प्रत्यक्षात उत्पन्न काय होते? त्या गच्चीवर आपल्यालाही पाचारण व्हावे, अशी इच्छा. कॅमेऱ्याला ज्याचा धिक्कार करण्यास पाठविले त्याच्याच तो प्रेमात पडला. मारियाच्या नृत्याच्या प्रसंगीही असेच घडते: छतापासून लोंबणाऱ्या बांबूंमधून तिला या पुरुषाकडून त्या पुरुषाकडे भिरकावले जात असता कॅमेरा तिच्याबरोबर इतका उन्मत्त होऊन गिरक्या घेतो, की तिच्या विटंबनेचा आणि त्याच्या आनंदाचा जमाखर्च वेगवेगळा मांडणे कठीण जाते. मॉस्कोतील अधिकाऱ्यांना या चित्रपटाविषयी जी नाराजी वाटली तिच्यात हेही एक कलम होते, की क्रांतीपूर्वीचे पाप त्यात नको इतके मोहक दिसते. सरकारी परीक्षकांच्या रसिकतेविषयी आपले मत कसेही असो, या एका बाबतीत त्यांची नजर चुकली नव्हती.

या मोहकपणाला एक कडवट पार्श्वभूमी आहे, आणि ती ध्यानात ठेवल्यावाचून या चित्रपटाचे कौतुक करणे मला प्रशस्त वाटत नाही. १९६१ मध्ये, म्हणजे उरुसेव्हस्कीचा कॅमेरा हवानाच्या गच्च्यांवर चढण्याच्या थोडे आधी, साबा काब्रेरा इन्फान्ते आणि ओर्लांदो हिमेनेस लेआल या दोघा क्यूबन तरुणांनी 'पी. एम.' नावाचा सुमारे चौदा मिनिटांचा एक लहानसा चित्रपट केला होता. रात्री हवानाच्या बंदराकडील साध्या दारूगुत्त्यांतून सामान्य, बहुतांशी कृष्णवर्णीय माणसे पितात, नाचतात, भांडणावर येतात आणि पहाटे घरी परततात, इतकेच त्यात आहे. कोणाची स्तुती नाही, निंदा नाही, निवेदनही नाही. त्याला प्रदर्शनाची परवानगी नाकारण्यात आली. लेखक-कलावंतांत खळबळ उडाली, राष्ट्रीय ग्रंथालयात बैठकी झाल्या, आणि अखेर कास्त्रोने त्यांच्यापुढे ते प्रसिद्ध भाषण केले, ज्याचा सारांश क्रांतीच्या आत सर्व काही मुभा आणि क्रांतीच्या विरोधात काही नाही, असा होता. त्या दोघांनी पुढे देश सोडला. स्वतःच्या शहराची रात्र साधेपणी दाखविणाऱ्या चौदा मिनिटांना जेथे बंदी झाली, तेथेच त्याच शहराची रात्र परकीय पाहुण्यांनी सरकारी इतमामाने दाखविण्यास फर्मान मिळाले. मारियाच्या नृत्याला दाद देताना या बंद डब्यात गेलेल्या चौदा मिनिटांची आठवण ठेवणे, हे रसिकाचे किमान कर्तव्य होय.

तरीही पेद्रोच्या उसाच्या फडापाशी आलो की मनाचे सारे बंदोबस्त कोलमडतात. येथे उरुसेव्हस्कीने अतिशय रुंद कोनाचे, अवघ्या ९.८ मिलिमीटर नाभ्यंतराचे भिंग वापरले आहे. अशा भिंगातून जवळची वस्तू अक्राळविक्राळ मोठी होते, सरळ रेषा वाकतात, आणि हाताच्या अंतरावरील पात्यापासून क्षितिजापर्यंत सर्व काही सारखेच स्पष्ट राहते. पेद्रो कोयता चालवितो तेव्हा कॅमेरा त्याच्या हाताच्या लयीत झुकतो आणि उसळतो; म्हाताऱ्याचा घामेजलेला चेहरा आभाळाएवढा होतो आणि त्याच्यामागे काळ्या नभात ढगांचे डोंगर उभे राहतात. मग जमीनदार घोड्यावरून येऊन, जमीन विकली, असे दोन शब्दांत सांगून जातो. पेद्रो मुलांच्या हाती पैसे देऊन त्यांना गावात मौजेला धाडतो, आणि त्यांची पाठ वळल्यावर उसाला आग लावतो. धुराच्या लोटांत कॅमेरा त्याच्याबरोबर धडपडतो, वाट चुकतो, जवळजवळ गुदमरतो. उसाची शेती, सावकारी आणि जमिनीचा कागद ज्याच्या हाती त्याची मिजास, या गोष्टी ज्यांच्या ओळखीच्या आहेत अशा आपल्यासारख्या प्रेक्षकाला येथे पटकथेचा भोळेपणा बोचत नाही. प्रचार खरा असतानाही तो प्रचारच असतो. परंतु खऱ्या दुःखाला योग्य भिंग मिळाले म्हणजे त्याला निवेदनाच्या कुबड्या लागत नाहीत, हे या प्रकरणात पुरेपूर सिद्ध झाले आहे.

तिसऱ्या कथेच्या आरंभी एक प्रसंग आहे, आणि तो योजताना कालातोझोव्हच्या ओठांवर किंचित हसू उमटले असेल काय, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या उघड्या मैदानावर मोठ्या पडद्यावर बातिस्ताच्या गौरवाचे समाचारचित्र चालले आहे. अंधारातून विद्यार्थी येतात, पेटत्या बाटल्या भिरकावतात, आणि हुकूमशहाची प्रतिमा पडद्यासकट पेट घेते. प्रचारपटाने प्रचारपट जाळावा, हे दृश्य मोठे अर्थगर्भ आहे. राज्यकर्त्याची पडद्यावरची छबी जळण्याच्या योग्यतेची असते, हे सूत्र एकदा मान्य केले म्हणजे ते कोणत्या राज्यकर्त्यापाशी येऊन थांबवावयाचे? चित्रपट याचे उत्तर देत नाही. पण प्रश्न मात्र तीस फूट उंचीच्या ज्वाळांनी विचारून ठेवतो. पुढे हाच एनरिके पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालण्यासाठी छपरावर दबा धरून बसतो आणि दुर्बिणीतून तो आपल्या मुलांसमवेत न्याहारी करताना दिसताच त्याची बोटे लुळी पडतात. साऱ्या चित्रपटातील मनुष्यस्वभावाचा हा एकच खरा पेच, आणि तोही शब्दांनी न सांगता बंदुकीच्या दुर्बिणीतून दिसणाऱ्या थरथरत्या वर्तुळाने सांगितलेला आहे. विद्यापीठाच्या भव्य पायऱ्यांवर पाण्याच्या फवाऱ्यांना तोंड देत, हाती दगड घेऊन तो त्याच अधिकाऱ्याकडे चालत जातो आणि गोळीला बळी पडतो.

त्याची अंत्ययात्रा हा या चित्रपटाचा कळस. ध्वजात लपेटलेला देह खांद्यांवरून निघाला आहे. कॅमेरा प्रथम रस्त्यावर, शोकाकुल चेहऱ्यांच्या इतका निकट आहे की त्यांचे श्वास ऐकू यावेत. मग तो अलगद उचलला जातो, इमारतीच्या दर्शनी भिंतीवरून सज्जे मागे टाकीत चढतो, वर पोचल्यावर अरुंद रस्ता हवेतून ओलांडतो आणि समोरच्या खिडकीतून सिगारी वळण्याच्या एका कारखान्यात शिरतो. कामगार पाने खाली ठेवून उठतात, एक घडी केलेला ध्वज या हातातून त्या हातात जातो, खिडकीबाहेर उलगडला जातो. आणि कॅमेरा त्या ध्वजावरून पुढे, खिडकीपलीकडे, जेथे पाय ठेवावयास काहीच नाही तेथे निघून जातो व दोन्ही बाजूंच्या इमारतींमधल्या पोकळीत, खाली वाहणाऱ्या जनप्रवाहावर, कितीतरी वेळ तरंगत राहतो. तारा ताणल्या होत्या, कप्प्या होत्या, अंगरख्याला अडकविण्याचे आकडे होते, हे सारे तपशील वाचून माहीत झाल्यावरही प्रत्येक वेळी खिडकीपाशी माझा श्वास अडखळतो. एका मृत तरुणाचा आत्मा देह सोडून आपल्याच अंत्ययात्रेकडे पाहत जात आहे, असा भास निरीश्वरवादी राज्याच्या खर्चाने निर्माण व्हावा, यातील गंमत त्या राज्याच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही.

येथे तुलनेसाठी दुसऱ्या एका उद्वाहकाचे स्मरण होते. सप्टेंबर १९३४ मध्ये न्यूरेंबर्ग येथे भरलेल्या नाझी पक्षाच्या मेळाव्याचे चित्रण लेनी रिफेन्स्टाल हिने केले, आणि 'ट्रायम्फ ऑफ द विल' या नावाने ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्या मैदानातील एका उत्तुंग ध्वजस्तंभाला तिने उद्वाहक बसवून घेतला होता. कॅमेरा त्यातून वर चढत जातो तसतशी माणसे माणसे राहत नाहीत. त्यांचे चौकोन होतात, चौकोनांच्या रांगा होतात, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून तीन आकृती चालत जातात. तेथेही सौंदर्य आहे, ते नाकारणे लबाडीचे होईल. परंतु ते सौंदर्य आणि हुकूम यांच्यात सुईच्या अग्राएवढीही फट नाही. जे सुंदर दिसते तेच मागितलेले होते, आणि जे मागितले त्याहून तसूभर अधिक दिसत नाही. हवानाचा कॅमेरा सिगारीच्या कारखान्यातून जाताना एकेका कामगाराच्या हातांपाशी क्षणभर रेंगाळतो, आणि तेथेच दोहोंतील अंतर स्पष्ट होते. एकदा खिडकीबाहेर पडल्यावर मात्र त्याच्याही दृष्टीला खालची माणसे नदीसारखी दिसू लागतात, व्यक्ती विरघळून लाट उरते. आणि गर्दीला लाट म्हणून पाहण्याची गोडी एकदा डोळ्यांना लागली, म्हणजे न्यूरेंबर्ग फार दूर राहत नाही. हे मला जाणवते, आणि तरीही मी ते दृश्य पुन्हा लावून पाहतो.

आपल्या साहित्यशास्त्रात मम्मटाने उपदेशाचे तीन प्रकार मानले आहेत: वेदांचा उपदेश धन्याच्या आज्ञेसारखा, इतिहासपुराणांचा मित्राच्या सल्ल्यासारखा आणि काव्याचा कांतेच्या आर्जवासारखा. 'सोय क्यूबा'मध्ये निवेदन धन्याच्या आवाजात बोलते आणि छायालेखन कांतेच्या. धन्याला वाटते, कांता आपलाच निरोप गोड करून सांगत आहे. पण तिचे लक्ष निरोपावर असते तितकेच माडांच्या पांढऱ्या झावळ्यांवर, पाण्यावरच्या कवडशांवर आणि म्हाताऱ्याच्या मनगटावर असते. मागितलेल्या मापाहून जे हे जास्तीचे पदरात पडले, त्याचे काय करावे हे कोणत्याच सरकारी दफ्तराला उमगले नाही. आपल्याकडे प्रचारकलेची दुसरी एक परंपरा आहे, तीही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णा भाऊ साठे यांनी 'स्टॅलिनग्राडचा पोवाडा' रचला, आणि त्यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारवस्त्यांतून लोकांची मने हलविली. तोही प्रचारच. परंतु शाहीर डफ घेऊन तुमच्यासमोर उभा असतो, आपली बाजू तो लपवीत नाही, आणि पोवाड्याच्या अखेरीस स्वतःचे नाव गुंफून सही करतो. कॅमेऱ्याला सही नसते. जे दिसले ते आपणच पाहिले, अशी त्याच्या प्रेक्षकाची प्रामाणिक समजूत होते, आणि म्हणूनच पोवाडा ऐकताना जितकी सावधगिरी पुरते तितकी येथे पुरत नाही.

चित्रपटाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगण्याजोगे आहे. क्यूबाच्या प्रेक्षकांना तो आपला वाटला नाही. आमची चाल, आमचे बोलणे, आमचे हसणे यात कोठे आहे, असे म्हणत त्यांनी त्याचे 'मी क्यूबा नव्हे' असे बारसे केले. मॉस्कोत तो पुरेसा क्रांतिकारक ठरला नाही. थोड्याच दिवसांत दोन्ही राजधान्यांतून त्याची बोळवण झाली. १९७३ मध्ये कालातोझोव्ह वारला, पुढच्या वर्षी उरुसेव्हस्की. आणि सोव्हिएत संघाचे विसर्जन झाल्यानंतर, १९९२ साली, अमेरिकेतील टेलुराइडच्या महोत्सवात तो दाखविला गेला तेव्हा कोठे जगाने डोळे चोळले. मार्टिन स्कोर्सेसी आणि फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी आपली नावे त्याच्या पाठीशी उभी केली आणि १९९५ मध्ये तो अमेरिकन चित्रगृहांत आला. ब्राझीलच्या विसेंते फेराझने पुढे या चित्रपटाच्या निर्मितीवर एक अनुबोधपट केला. त्यात क्यूबातील वृद्ध तंत्रज्ञांना, आपण ज्या फसलेल्या चित्रपटासाठी महिनोन्‌महिने राबलो त्याची जगभर वाखाणणी होत आहे, ही वार्ता ऐकून वाटलेला अचंबा पाहावयास मिळतो.

प्रचार म्हणून हा चित्रपट फसला, कारण छायालेखकाने नेमून दिलेल्या कामाहून अधिक पाहिले. आणि कलाकृती म्हणून तो तरला, तोही त्याच कारणाने. माझ्यापुरता मी या प्रश्नाचा असा निकाल लावला आहे, की सौंदर्य दिसल्यावर त्याला दाद द्यावी, संकोच करू नये. पण हे सौंदर्य ज्या खजिन्याने पोसले त्याच खजिन्याच्या धन्याने त्या वेळी दुसऱ्या कोणाचा कॅमेरा जप्त केला होता काय, याचीही रुजवात घ्यावी. ज्या वाचकांना 'सोय क्यूबा' पाहण्याची इच्छा होईल त्यांना माझी विनंती एवढीच, की त्यांनी आधी 'पी. एम.'ची ती चौदा मिनिटे पाहावी आणि मग या चित्रपटाला बसावे. क्रम उलटा करू नये; उरुसेव्हस्कीची गच्ची एकदा पाहिली म्हणजे बंदरावरचा तो साधा गुत्ता डोळ्यांत भरत नाही, आणि त्याच्यावर अन्याय आधीच पुष्कळ झालेला आहे.